घोडबंदरचा रस्ता

ज्या गोष्टी आपल्या नित्य परिचयाच्या असतात त्यांच्याविषयींच आपलें अज्ञान बहुधा अधिक असतें. गंगा कोठें उगम पावते हें भूगोलाच्या तासाला आपण बिनचूक सांगतों. पण ज्या रस्त्यावरून आपलें रोजचें जाणें-येणें असतें तो कोठून निघाला, तो कोणाच्या पैशानें झाला आणि तो सरळ न जातां अमुकच ठिकाणीं कां वळतो, असें कोणीं विचारलें तर उत्तर सुचत नाहीं. रस्ता मुका दिसतो खरा. परंतु ज्याला त्याची भाषा कळते त्याच्याशीं तो कोसागणिक बोलत असतो. मुंबईच्या उपनगरांतून ठाण्याकडे जाणारा घोडबंदरचा रस्ता हा असाच एक बोलका रस्ता आहे. त्याची वाट आणि त्याचा पूर्वेतिहास विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ह्या रस्त्याची भूमि पाहूं. मुंबईच्या उत्तरेस जें मोठें बेट आहे त्यास साष्टी असें म्हणतात. ‘सहासष्ट’ ह्या संख्येवरून हें नांव पडलें, कारण ह्या बेटावर पूर्वीं तितकीं गांवें होतीं, असें मानतात. साष्टीच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि दक्षिणेस माहीमची खाडी. ह्या चतुःसीमेच्या मधोमध डोंगरांची एक रांग आहे. तिचें सर्वांत उंच शिखर समुद्रसपाटीपासून सुमारें १५०० फूट आहे. ह्याच डोंगरांत कान्हेरीचीं शंभरांहून अधिक बौद्ध लेणीं आहेत, ह्याच डोंगरांत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, आणि ह्याच डोंगरांवर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें अरण्य पसरलें आहे.

हें चित्र डोळ्यांपुढें आणलें म्हणजे रस्त्याचें वळण आपोआप उलगडतें. ज्यानें प्रथम ह्या बेटावर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाट पाडली त्याच्यापुढें दोन अडचणी होत्या. डाव्या हातास खारी जमीन, चिखल व भरतीचें पाणी. उजव्या हातास डोंगर आणि रान. म्हणून वाट ह्या दोहोंच्या मधल्या कोरड्या पट्ट्यावरून गेली. माहीमची खाडी ओलांडून ती वांद्र्यास साष्टीवर पाऊल ठेवते. तेथून सांताक्रूझ, पार्लें, अंधेरी, मालाड, बोरिवली असा उत्तरेचा मार्ग धरून दहिसरास पोहोंचते. पुढें काशीमिऱ्यावरून वसईच्या खाडीच्या कांठीं घोडबंदर गांठते. आणि तेथें खाडीनें वाट अडविल्यामुळें पूर्वेकडे वळून, डोंगर उजवीकडे व पाणी डावीकडे ठेवून, गायमुखच्या घाटांतून ठाण्यास येते. मुंबईहून शीव, कुर्ला, भांडुप, मुलुंड असा ठाण्यास येणारा जुना आग्रा रस्ता जर ह्याला जोडून पाहिला, तर दोन्ही रस्ते मिळून डोंगराभोंवतीं घोड्याच्या नालासारखी आकृति होते. ज्या रस्त्याच्या नांवांत घोडा आहे त्याचा आकारहि नालाचा असावा, हा एक गमतीचा योगायोग होय.

आतां ह्या वाटेच्या प्राचीनतेकडे वळूं. आजचा बांधीव रस्ता एकोणिसाव्या शतकांतील आहे. पण त्या पट्ट्यांतून माणसांची वर्दळ त्याच्या कितीतरी आधींपासून आहे. कान्हेरीचे भिक्षु डोंगरांत राहत असले तरी त्यांना दान देणारे व्यापारी खाडीकांठच्या बंदरांतून येत असत. अंधेरीजवळचीं महाकालीचीं बौद्ध लेणीं, जोगेश्वरीचें सहाव्या शतकांतील शैव लेणें आणि बोरिवली-दहिसरच्या दरम्यानचें मंडपेश्वर हीं सर्व ह्याच पट्ट्याच्या आसपास आहेत. लेणीं निर्जन अरण्यांत कोरीत असत असा आपला समज असतो. परंतु जेथें वाट नाहीं तेथें यात्रेकरूहि नाहीं आणि दाताहि नाहीं. लेणीं दिसलीं कीं जवळपास जुनी वाट असावी, हा इतिहासाच्या विद्यार्थ्यानें मनाशीं बाळगण्यासारखा नियम आहे.

सन १५३४ च्या तहानें वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख गुजराथच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला व पुढें दोनशें वर्षें त्यांच्याच ताब्यांत राहिला. त्या काळाच्या खुणा आजहि रस्त्याच्या दोहों बाजूंस आहेत. वांद्र्याच्या टोकावरचा १६४० चा किल्ला, ठिकठिकाणचीं चर्चें, आणि ‘पवित्र क्रूस’ असा अर्थ असलेलें सांताक्रूझ हें गांवाचें नांव, हीं सारीं त्यांपैकींच. मंडपेश्वरची कथा तर विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. तेथील शैव लेण्याचें सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनीं प्रार्थनामंदिर केलें, व मराठ्यांनीं हा मुलूख घेतल्यावर तें पुन्हा शिवाचें देऊळ झालें. एकाच खडकांत दोन धर्मांच्या उपासनेचीं चिन्हें अशीं जवळजवळ दिसावीं, हें पाहून कोणत्याहि पक्षास अभिमान वाटण्यापेक्षां दोघांसहि विनय वाटावा, असें मला वाटतें.

घोडबंदर हें त्या वेळीं खाडीवरील महत्त्वाचें ठाणें होतें. अरबस्थानांतून येणारे घोडे येथें उतरत, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. येथील टेकडीवर पोर्तुगीजांनीं किल्ला बांधला होता. सन १६७२ त शिवाजी महाराजांच्या सैन्यानें घोडबंदरवर चाल केली. पण त्या वेळीं तें हातीं आलें नाहीं. तें काम पुढें पेशवाईंत तडीस गेलें. सन १७३७ त मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि १७३९ त चिमाजी आप्पांनीं वसई जिंकून पोर्तुगीजांची ह्या भागांतील सत्ता मोडली. घोडबंदरहि त्याच मोहिमेंत, १७३७ त, मराठ्यांकडे आलें. वसईच्या खाडीकडे नकाशावर पाहिलें म्हणजे घोडबंदरचें मोल कळतें: उत्तरेकडील वसई आणि पूर्वेकडील ठाणें ह्या दोन किल्ल्यांच्या मधला जलमार्ग ह्या टेकडीवरून दृष्टीच्या टप्प्यांत राहतो.

ह्या सर्व काळांत मुंबई मात्र वेगळ्या धन्याची होती. सन १६६१ च्या विवाह-करारानें ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ त ईस्ट इंडिया कंपनीस मिळाली. म्हणजे आज जी माहीमची खाडी आपण दोन मिनिटांत ओलांडतों ती शंभरांहून अधिक वर्षें दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे इंग्रज, पलीकडे आधीं पोर्तुगीज व मग मराठे. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. दोन्ही तीर एका सत्तेखालीं आले, तेव्हां कोठें त्यांना जोडण्याचा विचार संभवनीय झाला. सरहद्दीवर कोणी पूल बांधीत नाहीं. पूल बांधला जातो तो सरहद्द पुसली गेल्यावर.

पहिला बांध पूर्वेकडे, शीव आणि कुर्ला ह्यांच्या दरम्यान झाला. गव्हर्नर जोनाथन डंकन ह्यांच्या कारकीर्दींत, १७९८ पासून पुढील थोड्या वर्षांत, तो बांधण्यांत आला. त्यामुळें ठाण्याची वाट सोपी झाली. पण पश्चिमेकडे माहीम आणि वांद्रें ह्यांच्यामध्यें अजून नावेचाच आश्रय होता. पावसाळ्यांत वारा सुटला म्हणजे ही लहानशी खाडी भयंकर होई. भाजी, दूध, मासळी घेऊन मुंबईच्या बाजारास येणाऱ्या वांद्र्याकडील गरीब लोकांस रोज हा धोका पत्करावा लागे. नावा उलटत, माल बुडे आणि प्रसंगीं माणसेंहि बुडत.

ह्या संकटाचें निवारण एका स्त्रीच्या दानशूरपणानें झालें. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या पत्नी लेडी अवाबाई ह्यांनीं ह्या बांधासाठीं प्रथम एक लाख रुपये दिले, आणि खर्च वाढूं लागल्यावर आणखी सत्तावन्न हजार दिले. एकूण १,५७,००० रुपये ही त्या काळीं प्रचंड रक्कम होती. काम १८४३ त सुरू होऊन १८४५ त बांध लोकांस खुला झाला. परंतु रकमेपेक्षांहि मोठी गोष्ट निराळीच आहे. ह्या बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून कोणताहि कर घेऊं नये, अशी त्या दानास अट होती. दाता पैसा देतो तेव्हां आपलें नांव राहावें अशी अट घालतो, हें आपण नेहमीं पाहतों. पण डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला एक पैहि पडूं नये अशी अट घालणारा दाता विरळा. घोडबंदरच्या रस्त्याचा इतिहास ह्या अटीपासून सुरू होतो असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

बांध झाल्यानें वांद्र्यापासून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या वाटेस महत्त्व आलें व ती पक्क्या रस्त्याच्या पदवीस चढली. पक्का रस्ता म्हणजे काय, हें येथें सांगितलें पाहिजे. पूर्वींचे रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. उन्हाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यांत राड. स्कॉटलंडांतील जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) ह्यानें दाखवून दिलें कीं रस्त्याचें बळ मोठमोठ्या दगडांत नसून लहान, कोनेदार खडीच्या थरांत असतें. अशी खडी नीट पसरून दाबली म्हणजे तिचे कोन एकमेकांत गुंततात. रस्त्याचा मधला भाग थोडा उंच ठेवला व दोहों बाजूंस गटारें खणलीं म्हणजे पाणी साचत नाहीं. साष्टींत काळा दगड मुबलक. त्यामुळें खडीला तोटा नव्हता. पुढें मोटारी आल्या तेव्हां त्यांच्या चाकांनीं खडी सुटूं लागली, म्हणून तिच्यावर डांबर आलें. आणि जड मालमोटारींचा काळ आल्यावर ठिकठिकाणीं डांबराची जागा सिमेंटनें घेतली. परंतु मॅकॅडमचें मूळ तत्त्व अद्याप खोटें ठरलेलें नाहीं: रस्त्याचा पहिला शत्रु पाणी हाच आहे. भेगेंतून पाणी आंत शिरतें, खालचा थर मऊ होतो, वरून जड चाक जातें आणि खड्डा पडतो. दर पावसाळ्यांत आपण जो अनुभव घेतों त्याचें कारण एवढेंच.

पाण्याचा हा विषय ह्या रस्त्याच्या बाबतींत दुहेरी महत्त्वाचा आहे. मधल्या डोंगरांतून पश्चिमेकडे धांवणाऱ्या ओशिवरा, पोयसर व दहिसर ह्या नद्या ह्या रस्त्याला आडव्या येतात. आणि विहार व पवई ह्या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन येणारी मिठी नदी माहीमच्या बांधापाशींच समुद्रास मिळते. म्हणून हा रस्ता एका अर्थीं डोंगर व समुद्र ह्यांच्यामधला उंबरठा आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां ज्या नद्यांना लोक नाले म्हणूं लागले होते त्यांनीं आपला मूळचा हक्क सांगितला व उपनगरांचा पुष्कळसा भाग पाण्याखालीं गेला. रस्ता बांधणारानें नदीला पुरेशी वाट ठेवली नाहीं तर नदी रस्त्यालाच आपली वाट करते.

आतां रस्त्यावरच्या वस्तीकडे पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वांद्र्यापासून दहिसरापर्यंत सुटीं सुटीं खेडीं होतीं: भाताचीं शेतें, ताडामाडाच्या वाड्या, कोळी, आगरी, भंडारी, कुणबी आणि ख्रिस्ती शेतकरी ह्यांचीं घरें. गांवांचीं नांवेंच त्याची साक्ष देतात. कांदिवली, बोरिवली ह्यांतील ‘वली’ हा शब्द संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे खेडें ह्यापासून आलेला. बोरिवली म्हणजे बोरींचें गांव. पुढें ठाण्याच्या बाजूस मानपाडा, पाटलीपाडा हीं नांवें पाड्यांचीं. वाघबीळ हें नांव तर वाघाच्या बिळाचें. जुन्या गांवठाणांतून हिंडतांना दगडी किंवा लांकडी क्रूस दिसतात. त्यांपैकीं कित्येक १८९६ पासून सुरू झालेल्या प्लेगच्या सांथींत लोकांनीं उभारले. ज्या घरांतून रोज प्रेत निघत होतें त्या घरांच्या शेजाऱ्यांनीं एकत्र जमून प्रार्थना करण्यासाठीं केलेली ती खूण होय.

त्याच प्लेगनें ह्या खेड्यांचें रूप पालटलें. मुंबईच्या कोंदट चाळींतून घाबरलेलीं कुटुंबें मोकळ्या हवेच्या शोधांत बाहेर पडलीं. त्यांच्या सोयीस रेल्वे तयारच होती. बी. बी. अँड सी. आय. रेल्वे १८६४ त ह्या पट्ट्यांतून गेली होती आणि १८६७ पासून विरारहून मुंबईस गाडी येऊं लागली होती. रेल्वे आणि रस्ता हे जवळजवळ समांतर धांवत असल्यामुळें स्टेशन झालें कीं रस्त्यापर्यंत बाजार वाढे, आणि बाजार वाढला कीं त्याच्यामागें घरें उभीं राहत. सन १९२० त मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९२८ त बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धांवूं लागल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत जमनालाल बजाज ह्यांच्या नेतृत्वाखालीं पार्ल्यास स्वयंसेवकांची छावणी पडली. गोरेगांवास ह्याच रस्त्यावर १९४३ च्या सुमारास फिल्मिस्तान ही चित्रपटसंस्था निघाली. शेवटीं १९५० त आणि १९५७ त मुंबई महापालिकेची हद्द दोन टप्प्यांनीं वाढून मुलुंड व दहिसरपर्यंत गेली, आणि खेड्यांचा हा रस्ता शहराचा रस्ता झाला. वांद्र्यापासून दहिसरपर्यंतच्या भागाला पुढें स्वामी विवेकानंदांचें नांव देण्यांत आलें. त्यामुळें आज मुंबईच्या बाजूस पुष्कळांना हें ठाऊकच नाहीं कीं आपल्या दारांवरून जाणारा विवेकानंद रस्ता म्हणजे जुन्या घोडबंदर रस्त्याचाच दक्षिण भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेच्या पूर्वेस पश्चिम द्रुतगति महामार्ग बांधला गेला आणि लांबच्या वाहनांचा ओघ तिकडे वळला. घोडबंदर हें मूळ नांव मग दुसऱ्या अर्ध्यालाच, म्हणजे घोडबंदर ते ठाणें ह्या सुमारें वीस किलोमीटरच्या भागाला, चिकटून राहिलें. सन १९४३ त नागपुरास प्रांतोप्रांतींचे मुख्य अभियंते जमले होते. त्यांनीं देशांतील रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग व ग्राममार्ग असे वर्ग ठरविले. प्रांतांचीं राज्यें झाल्यावर प्रांतिक महामार्गांस राज्य महामार्ग म्हणूं लागले. ह्या वर्गवारींत ठाणें-घोडबंदर रस्ता राज्य महामार्ग क्रमांक ४२ म्हणून ओळखला जातो. वर्गवारीचें तत्त्व सोपें आहे: ज्या रस्त्यानें सबंध राज्याचें काम होतें त्याचा भार राज्यानें उचलावा, ज्यानें गांवाचें होतें त्याचा गांवानें. अडचण इतकीच कीं ह्या रस्त्याला आज दोन्हीं कामें एकदम करावीं लागतात.

तो भाग आतां पाहूं. घोडबंदरहून पूर्वेस निघालें कीं प्रथम चेणें गांव लागतें, मग गायमुखचा घाट. येथें रस्ता अरण्याला अगदीं लागून जातो. डोंगराची सोंड खाडीपर्यंत उतरलेली असल्यानें रस्त्याला रुंद व्हायला जागा नाहीं. एका बाजूस राखीव रान, दुसऱ्या बाजूस उतार व पाणी. घाट उतरलें म्हणजे ओवळें, कासारवडवली, वाघबीळ, पाटलीपाडा, मानपाडा अशीं एकामागून एक पूर्वींचीं खेडीं व पाडे येतात आणि कापूरबावडी व माजिवडें येथें हा रस्ता ठाणें शहराला व मुंबई-नाशिक मार्गाला मिळतो. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ह्या बाजूस कारखाने आले. शतक संपतां संपतां कारखान्यांच्या जागीं व शेतांच्या जागीं उंच इमारती उठूं लागल्या. त्यांच्या पाठोपाठ उड्डाणपूल आले, आणि मग मेट्रोचे खांब.

ह्या स्थानिक गर्दींत दुसरी एक गर्दी मिसळते. सन १९८९ त न्हावा-शेव्याचें बंदर सुरू झालें. तेव्हांपासून गुजराथेकडून त्या बंदराकडे व तेथून परत जाणाऱ्या अवजड मालमोटारींना मुंबई शहर टाळून जाण्यासाठीं हीच वाट सोईची पडते. म्हणजे ज्या रस्त्यानें मूल शाळेंत जातें, मजूर कामावर जातो, आजाऱ्याला इस्पितळांत नेतात, त्याच रस्त्यानें दोन राज्यांचा मालहि जातो. घाटांत एखादी मालमोटार बंद पडली किंवा उलटली कीं दोहों बाजूंस मैल मैल रांगा लागतात. दिवसाच्या ठराविक वेळीं अवजड वाहनांस बंदी घालावी लागते. आणि रात्रीं, रहदारी विरळ झाली म्हणजे, अरण्यांतून खाडीकडे जाणारा बिबट्या रस्ता ओलांडूं पाहतो; त्याला मोटारीचा वेग कळत नाहीं. अशा रीतीनें कित्येक वन्य प्राणी येथें प्राणांस मुकले आहेत.

ह्यावर उपाय म्हणून आतां डोंगराच्या पोटांतूनच वाट काढण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. ठाणें ते बोरिवली असा सुमारें बारा किलोमीटरांचा जोडमार्ग, त्यांतील दहा किलोमीटरांहून अधिक भाग जुळ्या बोगद्यांचा, अशी ही योजना असून जुलै १९२४ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे जुलै २०२४ त, तिचें भूमिपूजन झालें. ज्या डोंगराला वळसा घालण्यासाठीं घोडबंदरचा रस्ता जन्मास आला, तोच डोंगर आतां भेदला जाणार आहे. हें काम पुरें झालें म्हणजे घाटावरचा ताण कमी होईल अशी अपेक्षा आहे. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. आजवरचा अनुभव असा कीं रस्ता रुंद झाला कीं वाहनेंहि वाढतात, आणि मोकळा झालेला रस्ता थोड्याच वर्षांत पुन्हा भरतो. म्हणून रस्ता किती रुंद असावा, एवढाच प्रश्न विचारून भागत नाहीं. रस्ता कोणासाठीं आहे, हाहि प्रश्न विचारावा लागतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर १८४५ सालीं एकदां दिलें गेलें होतें. अवाबाईंच्या मनासमोर बग्गींतून जाणारा साहेब नव्हता. तो कर देऊं शकला असता. त्यांच्या मनासमोर पायीं जाणारा मनुष्य होता. ऑक्टोबर २०२४ त दहिसर वगैरे पांच नाक्यांवरून मुंबईंत शिरणाऱ्या लहान मोटारींचा पथकर माफ झाला, आणि पुष्कळांना आनंद झाला. तो योग्यच आहे. पण पायीं चालणारा आजहि एक प्रकारचा कर देतो, आणि तो पैशांत मोजतां येत नाहीं. पदपथावर जागा नाहीं म्हणून तो रस्त्यावर उतरतो. रस्ता ओलांडण्यास सोय नाहीं म्हणून तो धांवतो. वृद्ध मनुष्य दहा मिनिटें कडेला उभा राहून शेवटीं घरीं परततो. पाड्यावरचें मूल रस्त्यापलीकडच्या शाळेस जावें किंवा नाहीं, हें कित्येकदां त्याच्या बुद्धीवर अवलंबून नसून त्या रस्त्यावरच्या रहदारीवर अवलंबून असतें. नावेचा धोका गेला, पण पलीकडे सुखरूप पोहोंचण्याचा प्रश्न उरलाच. खाडीची जागा आतां रस्त्यानेंच घेतली आहे.

विद्यार्थ्यांनीं ह्यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट अभ्यासाची. आपल्या गांवच्या कोणत्याहि रस्त्याचा नकाशा काढावा. तो कोठें वळतो तें पाहावें, आणि वळण्याचें कारण शोधावें. डोंगर, पाणी, देऊळ, बाजार किंवा जुनी सरहद्द, ह्यांपैकीं कांहीं ना कांहीं तेथें सांपडेलच. गांवांच्या नांवांची यादी करून त्यांचे अर्थ वडील मंडळींस विचारावेत. असा एक रस्ता नीट वाचला म्हणजे भूगोल, इतिहास आणि पदार्थविज्ञान हे तीन विषय निराळे नाहींत हें कळून येतें. दुसरी गोष्ट वर्तनाची. तुमच्यापैकीं कोणी पुढें अभियंता होईल, कोणी नगरसेवक होईल, कोणी मोटार हांकील, आणि बहुतेक सर्वजण पायीं चालतील. ज्याच्या हातीं जें काम येईल तें करतांना त्यानें रस्त्यावरील सर्वांत दुबळ्या प्रवाशाचा विचार आधीं करावा. आराखड्याच्या कागदावर प्रथम पदपथ काढावा. आणि चाकावर हात असेल तर शाळेजवळ तो सैल करावा.

इमारती पडतात, राज्यें जातात, नांवें बदलतात. घोडबंदरच्या वाटेवर पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रज गेले. किल्ला ओसाड झाला आणि अर्ध्या रस्त्याचें नांवहि पालटलें. परंतु माहीमच्या बांधावरून आजहि कोणी पाटी घेऊन पायीं निघालें तर त्याला कोणी अडवीत नाहीं. पावणेदोनशें वर्षांमागें घातलेली एक अट अशी अजून पाळली जात आहे, आणि ज्यांना त्या बाईचें नांवहि ठाऊक नाहीं असे लाखों लोक तिचा लाभ रोज घेत आहेत. लोकोपयोगी कामाची कसोटी ह्याहून दुसरी कोणती असणार?